पावसाळा सोडून केलेली पाहणी

डोंगराच्या अंगाला मोठं काही बांधायचं असेल तर पर्यावरणीय आघाताचा अहवाल करावा लागतो. त्यात झाडं, पक्षी, सस्तन प्राणी यांच्या लांबलचक याद्या असतात आणि बेडकांच्या वाट्याला पाव पान येतं. त्या पाव पानातली नावंही ठरलेली: डबक्यातला साधा बेडूक, भाताच्या खाचरातला बेडूक, अंगणात येणारा खरखरीत पाठीचा भेक. शेवटी शेरा, ‘दुर्मीळ वा संकटग्रस्त प्रजाती आढळली नाही’. मी ठाण्यात राहते, येऊर आणि पारसिकच्या डोंगरांचं काय चाललंय यावर लक्ष ठेवून असते, म्हणून असे अहवाल वाचण्यात येतात. त्या शेऱ्यात कुणी मुद्दाम लबाडी करतं असं मला वाटत नाही. पाहणी करणारा डोंगरावर गेलेला असतो, चार ओढे पायाखाली घालून आलेला असतो, आणि त्याला खरोखरच काही दिसलेलं नसतं. तो जानेवारीत गेलेला असतो, किंवा मार्चमध्ये.

माझं म्हणणं सरळ आहे. ठाणे आणि नवी मुंबईच्या भोवतालच्या डोंगरांना हात लावणाऱ्या कुठल्याही कामाला, पावसाळ्यात आणि रात्री केलेल्या पाहणीशिवाय परवानगी मिळता कामा नये.

2006 च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेखाली प्रकल्पाला जी कार्यकक्षा, म्हणजे अहवालात काय काय तपासायचं याची चौकट, ठरवून दिली जाते, तिच्यात पायाभूत माहिती ‘पावसाळा सोडून एका ऋतूची’ गोळा करावी असा मजकूर सर्रास असतो. हवेच्या बाबतीत हे अगदी रास्त आहे. पावसात धूळ खाली बसते. जुलैत यंत्र लावलं तर घोडबंदर रोडचीही हवा निर्मळ निघेल. पण सल्लागार कंपनीची माणसं हवा, पाणी, माती, आवाज, झाडं, प्राणी हे सगळं त्याच तीन महिन्यांत उरकतात. हवेसाठी सोडलेला पावसाळा बेडकांसाठीही सुटतो. ज्यांचं सगळं उघडं आयुष्य जून ते सप्टेंबर एवढंच असतं, त्यांची गणती फेब्रुवारीत होते आणि ते नाहीत असं कागदावर ठरतं. एकदा कागदावर ठरलं की पुढची समिती, त्यापुढचं प्राधिकरण, वेळ आली तर न्यायालय, सगळे त्याच कागदावर विसंबतात.

हे किती मोठं भगदाड आहे ते माथेरानच्या एका बेडकावरून कळेल. पनवेलहून प्रबळगडाच्या मागे जे पठार दिसतं ते माथेरान. तिथल्या नमुन्यांवरून 1888 मध्ये जॉर्ज बूलेंजर या प्राणिशास्त्रज्ञाने एका लहानशा बेडकाचं वर्णन केलं. मुंबईत वैद्यकीय सेवेत असलेल्या लीथ नावाच्या डॉक्टरांचं नाव त्याला मिळालं. आज त्याला इंडिराना लीथी म्हणतात. लांबी जेमतेम इंच-सव्वा इंच, रंग पाचोळ्याचा, पाठीवर तुटक उभ्या घड्या, बोटांच्या टोकाला बारीक चकत्या. पानांत बसला की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, आणि दिसला की एका उडीत नाहीसा होतो. हा ज्या कुळातला आहे ते कूळ भारताबाहेर जगात कुठेही नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. म्हणजे तो दूरच्या कुठल्या सदाहरित अरण्यातला नव्हे, शास्त्राला त्याची ओळख झाली ती आपल्या शेजारच्या डोंगरावर.

त्याची अंडी तळ्यात नसतात. ओल्या कातळावर, पाण्याचा पातळ पापुद्रा सतत वाहत असतो अशा जागी असतात, आणि पिल्लंही तिथेच वाढतात. आपण शाळेत पाहिलेला टॅडपोल म्हणजे डबक्यात पोहणारा गोल डोक्याचा काळा ठिपका. इथलं पिल्लू निराळंच आहे. शेपूट लांब, बारीक आणि बळकट, शेपटीवरचे पर जवळपास नाहीतच म्हणावेत असे कमी झालेले, मागचे पाय लवकर फुटलेले, डोळे मोठे आणि वर आलेले. जुलैमधल्या एका रात्री माथेरानच्या वाटेवर एका कातळावर विजेरी धरून मी ती पाहिली. उभ्या दगडावर काडेपेटीच्या काड्या चिकटल्यासारखी दिसत होती. बोट जवळ नेलं तशी एकेक काडी शेपटीचा फटका मारून टुणकन वितभर बाजूला गेली आणि पुन्हा दगडाला घट्ट बसली. तोंडाने ती दगडावरचं शेवाळ खरवडत होती. पाणी होतं नखाच्या जाडीचंही नाही, पण ते थांबत नव्हतं. पाऊस उघडला होता तरी कातळातून येतच होतं.

तोच कातळ फेब्रुवारीत पाहा. काळा, कोरडा, तापलेला दगड. नकाशावर त्याची नोंद ‘खडकाळ, पडीक’ अशी होते आणि त्यात काही चूक आहे असं कुणालाच वाटत नाही. रस्ता रुंद करताना पहिल्यांदा तोच सोलतात, कारण तिथे तोडायला झाड नाही, झाड नाही म्हणून वृक्ष प्राधिकरणाची परवानगी नाही, हरकती-सूचना नाहीत. पारसिकच्या डोंगराचे खाणींनी जे लचके तोडले, उलव्याची टेकडी विमानतळासाठी जी सपाट झाली, तिथे पावसाळ्याच्या रात्री कोणकोणते आवाज येत होते हे सांगणारा कागद आता कुठून आणायचा? तिथे लीथचा बेडूक होताच असा माझा दावा नाही. तो होता की नव्हता हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

आणि हा एकटाच असा नाही. सह्याद्रीतले झुडपी बेडूक तर पाण्यात जातच नाहीत. त्यांच्या अंड्यातून थेट नखाएवढा पूर्ण बेडूक बाहेर येतो, टॅडपोलची अवस्था अंड्याच्या आतच उरकते. त्यांना तळं नको, ओढा नको. दमट पाचोळा आणि बुटकं झुडूप हवं. पाणथळ जागा वाचवल्या की बेडूक वाचले, असं समजणाऱ्या आराखड्यात त्यांना जागाच नाही. यातली एक प्रजाती, पश्चिम महाराष्ट्रातली, शास्त्राला माहीत झाली 2013 मध्ये. पुण्याचे प्राध्यापक हेमंत घाटे यांचं नाव तिला दिलंय. आंबोलीच्या सड्यावरचा पट्टेरी भेक 2009 मध्ये नोंदला गेला. अत्यंत संकटग्रस्त, जगात फक्त आंबोलीच्या परिसरातला, आणि त्याचा विणीचा हंगाम पावसाच्या सुरुवातीला जेमतेम काही दिवसांचा. ‘मुंबईचा निशाचर बेडूक’ हे नाव मिळालेली प्रजाती तर 1955 पासून माहीत आहे. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलालींच्या नावाची ही प्रजाती मीलन कसं करते हे मात्र 2016 मध्ये कळलं. ओढ्यावर झुकलेल्या पानावर नर मादीच्या पाठीवर बसतो, पण तिला मिठी मारत नाही. पानाला नाहीतर फांदीला धरून राहतो. वीर्य तिच्या पाठीवर पडतं, नर बाजूला होतो, मग ती अंडी घालते, आणि ते पाठीवरून ओघळून अंड्यांपर्यंत पोचतं. या प्रजातीत मादीही साद घालते. बेडकांमध्ये मीलनाची अशी रीत तोवर नोंदलेलीच नव्हती. नाव ठेवल्यापासून हे समजेपर्यंत एकसष्ट वर्षं गेली, आणि समजलं ते पावसाळी रात्री ओढ्याकाठी बसून राहिलेल्या माणसांना. मार्चमध्ये गेलेल्या तुकडीला तो ओढा म्हणजे गोट्यांनी भरलेली कोरडी नळी दिसली असती.

आता माणसांच्या बाजूने बोलू, कारण हा प्रश्न बेडूक विरुद्ध माणूस असा मांडला की बेडूक हरणार हे मला माहीत आहे, आणि तो तसा मांडणं चुकीचंही आहे. आपला डोंगर बेसाल्टचा, लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेला. पावसाचं पाणी भेगांतून खाली उतरतं, एका थराच्या तळाशी अडतं आणि आडवं सरकून कड्यातून बाहेर येतं. म्हणून पावसाळ्यात कड्यांवर एकाच उंचीला ओलाव्याच्या आडव्या रेघा दिसतात. लीथच्या बेडकाची ती पिल्लं अशाच पाझराच्या जागी असतात. म्हणजे ती जिथे आहेत तिथे डोंगराचं पाणी बाहेर पडतंय. त्याच कड्याखाली इमारत उभी करणाऱ्या अभियंत्याला हीच गोष्ट सर्वांत आधी कळायला हवी. पाझर सिमेंटच्या फवाऱ्याने लिंपून टाकला आणि पाण्याला वाट ठेवली नाही, तर मागे दाब साठतो. पाझर कुठे आहेत हे पावसाळ्यातच दिसतं. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडी रात्रीत गाडली गेली, ती याच डोंगररांगांच्या कुशीत. तिथे कुठला प्रकल्प आडवा आला नव्हता आणि त्या दुःखाचा मला मुद्दा करायचा नाही. पण मुसळधार पावसात हे डोंगर काय करतात हे न पाहता त्यांच्या पायथ्याशी टॉवर उभारायला परवानगी देणं, हे बेडकांपेक्षा माणसांच्या जिवावर बेतणारं आहे. खारघर, बेलापूर, पारसिकच्या उतारांवर आणि पायथ्याशी किती लोक राहतात ते डोळ्यांसमोर आणा.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप वेळेचा. घोडबंदरच्या कोंडीत रोज तास-दीड तास अडकणाऱ्या माणसाला पावसाळा संपेपर्यंत थांबा कसं सांगायचं? मी स्वतः त्या कोंडीत अडकते, तिथला वैताग मला समजतो. पण मोठ्या कामांचा हिशेब बघा. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याची चर्चा कित्येक वर्षं चालली, भूमिपूजन झालं जुलै 2024 मध्ये. चर्चेच्या त्या वर्षांत दरवर्षी एक पावसाळा येऊन गेला. कल्पनेपासून कामापर्यंत पाच-सहा वर्षं लागणाऱ्या प्रकल्पाला चार महिन्यांची पाहणी जड होते हे पटत नाही. ती वेळेवर सुरू करायची, एवढंच. बोगदा जमिनीखालून आहे, वरच्या जंगलाला काय होणार, असंही म्हणतात. सुमारे 11.8 किलोमीटरच्या या मार्गाचा मोठा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जातो आणि वरची झाडं त्यामुळे वाचतात, हे खरंच मोठं काम आहे; वरून रस्ता नेण्यापेक्षा शतपटीने बरं. तरीही बोगद्याची तोंडं, उपसलेल्या दगडाचे ढीग आणि भेगांमधलं पाणी हे तीन प्रश्न उरतात. बेसाल्टमध्ये बोगदा खणताना भेगांतलं पाणी त्यात उतरू शकतं. वरचे झरे पूर्वीइतकेच वाहतात की नाही, हे कामाआधीच्या पावसाळ्यात ते कसे वाहत होते याची नोंद असेल तरच सांगता येईल.

एका बेडकासाठी प्रकल्प अडवायचा का, असं मला कुणीतरी विचारतंच. बहुतेक वेळा अडवावा लागत नाही. लहान प्राण्याला जागाही लहानच लागते. रस्ता पन्नास मीटर सरकवता येतो, दगडाचा ढीग ओढ्याच्या तोंडाशी न टाकता पलीकडे टाकता येतो, एखादा पाझराचा कातळ तसाच ठेवून संरक्षक भिंत त्याच्या पुढे घेता येते. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी बोटाएवढा एक मासा सापडला, 2020 मध्ये त्याचं वर्णन झालं, आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केलं. क्षेत्र किती, तर सुमारे दोन हेक्टर. महाराष्ट्राचं काही अडलं नाही. तो मासा तिथे आहे हे कुणाला तरी आधी माहीत होतं, म्हणून हे होऊ शकलं.

फ्लेमिंगोंचं उदाहरण नवी मुंबईकरांना जवळचं. ठाणे खाडीला 2015 मध्ये अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्यामागे अनेकांचे कष्ट आहेत आणि फ्लेमिंगोंचं आपल्या डोळ्यांत भरणंही आहे. चौकात पुतळे, भिंतींवर चित्रं, शहराची ओळख. ते हिवाळा-उन्हाळ्यात येतात, दिवसा दिसतात, हजारोंच्या थव्याने दिसतात, खाडीपुलावरून जाताजाता दिसतात. कुठल्याही पाहणीच्या वेळापत्रकात ते आपोआप बसतात. मला त्यांचं मोल कमी करायचं नाही. पण जे दिवसा, कोरड्या ऋतूत, लांबून दिसतं त्यालाच संरक्षण मिळणार असेल, तर आपण निसर्ग वाचवत नाही, आपल्या सोयीने दिसणारा निसर्ग वाचवतो. 2023 मध्ये जगभरातल्या आठ हजारांवर उभयचर प्रजातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या 41 टक्के धोक्यात आहेत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये एवढा धोका दुसऱ्या कुठल्याच वर्गाला नाही.

बेडकाचा उपयोग काय, या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी थोडी नाखूश असते. तो डास आणि पिकांवरचे किडे खातो. भारताने 1987 मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली त्यामागेही हा विचार होता. तो मुद्दा खरा आहे. पण पाचोळ्यातला तो इंचभर जीव किती किडे खातो यावर त्याचा जगण्याचा हक्क ठरत असेल, तर उद्या कीटकनाशकाची बाटली त्याच्यापेक्षा स्वस्त पडेल. हा डोंगर त्याचा आहे, आपल्या कितीतरी आधीपासून. माझ्यापुरतं एवढं कारण पुरतं, आणि सार्वजनिक निर्णयातही ते उघडपणे मांडायला आपण कचरू नये असं मला वाटतं.

येऊरबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथलं नुकसान मोठ्या प्रकल्पाचं नाही आणि म्हणून कुठल्याच अहवालात येत नाही. रात्री उशिरापर्यंत जळणारे टर्फचे झोत, बंगल्यांमधले डीजे, शनिवार-रविवारी चढणाऱ्या गाड्या. नर बेडूक साद घालतो, त्या सादेवरून मादी त्याला शोधते; मध्ये ढणढणाट असेल तर भेट होत नाही. नेमक्या जून-जुलैच्या रात्रीच पावसाळी सहलीचा हंगाम भरात असतो. शिवाय बागा ‘स्वच्छ’ ठेवण्यासाठी पाचोळा गोळा करून जाळतात. हे सगळं थांबवायला नवा कायदा नको. आवाजाची वेळमर्यादा आहे, राष्ट्रीय उद्यानाच्या भोवतीचं संवेदनशील क्षेत्र 2016 मध्ये जाहीर झालेलं आहे. पाड्यांवरचे लोक वर्षानुवर्षं या गोंगाटाबद्दल बोलत आहेत. त्यांच्या म्हणण्याला जोड द्यायला, या ओढ्यावर अमुक साली अमुक आवाज येत होते आणि आता येत नाहीत, अशी नोंद हाताशी असती तर प्रशासनाला टाळाटाळ करणं कठीण गेलं असतं.

अशी पाहणी अवघड किंवा फार खर्चिक नसते. रात्री आठ ते बारा ओढ्याकाठाने विजेरी घेऊन सावकाश चालायचं, कातळ, पानांच्या खालची बाजू, पाचोळा बघायचा, आणि काही ठिकाणी ध्वनिमुद्रक लावून ठेवायचे. प्रत्येक प्रजातीचा आवाज निराळा असल्यामुळे न दिसलेला बेडूकही नोंदला जातो. सुरक्षेचा प्रश्न खराच आहे, खारघरच्या पांडवकडा धबधब्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात प्रवेशबंदी असते ती उगाच नाही. त्यामुळे हे काम हौशी गर्दीचं नव्हे, वनखात्याच्या परवानगीने, वाटा माहीत असलेल्या स्थानिकांना मजुरी देऊन, जाणकारांनी करायचं आहे. जाणकार आपल्याकडे आहेत: मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र, शिवाय महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे विभाग. एक अट मात्र हवी. आज सल्लागाराचे पैसे प्रकल्पवालाच देतो आणि सल्लागारही तोच निवडतो. पावसाळी पाहणीचे पैसे प्रकल्पवाल्याने भरावेत, पण माणसं त्याने निवडू नयेत.

कार्यकक्षेतलं ते ‘पावसाळा सोडून’ बदलणं केंद्राच्या हातात आहे, आणि त्यात अशक्य काही नाही. जलविद्युत आणि नदीखोऱ्यांच्या प्रकल्पांना पावसाळ्यासकट तीन ऋतूंची माहिती मागितली जातेच. तोच दंडक पश्चिम घाटातल्या आणि त्याच्या पायथ्याच्या प्रत्येक डोंगरी प्रकल्पाला लावायचा. पण पश्चिम घाटाच्या बाबतीत दिल्लीची वाट पाहण्याचा अनुभव काही चांगला नाही. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा 2014 पासून पुन्हा पुन्हा निघतोय; जुलै 2024 चा मसुदा सहावा होता.

म्हणून सुरुवात महापालिकांनी करावी. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता समिती नेमावी लागते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. ती नोंदवही पावसाळ्यात भरायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे नाल्यांच्या याद्या तयार आहेत, नालेसफाईच्या कंत्राटांसाठी त्या दरवर्षी काढल्याच जातात. त्यातले येऊर, पारसिक, बेलापूर आणि खारघरच्या डोंगरांतून उतरणारे नाले वेगळे काढावेत, त्यांच्या वरच्या अंगाला, जिथे काँक्रीट अजून पोचलेलं नाही तिथे, जून ते सप्टेंबर रात्रीची पाहणी करावी, आणि नोंदी ध्वनिमुद्रणासकट महापालिकेच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात. निविदा, माणसं आणि वनखात्याची परवानगी यांना लागणारा वेळ धरला, तर समितीचा ठराव मार्चच्या आत व्हायला हवा.